आमच्या बाथरूमचे मासे



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "ताई, तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये आहात, तर एआयवर बोलाल का?" मी म्हटलं, एआयवर बोलणारे खूप आहेत, मी मलब्यावर बोलते. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "मलबा म्हणजे... रूपकात्मक?" म्हटलं, नाही हो. विटा, लादी, सिमेंट, फुटलेला कमोड. तो मलबा.

कुणी त्याला राडारोडा म्हणतं, मुंबईकडचे रॅबिट म्हणतात, कंत्राटदार डेब्रिज म्हणतात. मी मलबाच म्हणणार आहे, आमच्या घरात तोच शब्द आहे.

माझी थोडी ओळख करून देते, म्हणजे गोष्ट नीट कळेल. माझं माहेर अष्टमीचं, म्हणजे रोह्याला कुंडलिका ओलांडली की पलीकडे. सासर पेणला. शिकले लोणेऱ्याला, संगणक शाखेत. आठवड्यातले दोन दिवस ऐरोलीच्या ऑफिसला जाते, उरलेले दिवस घरून काम. पेण आणि रोहा ही दोन्ही गावं एकाच रेल्वेमार्गावर असल्यामुळे माझं निम्मं आयुष्य त्या गाडीत गेलंय. रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते, तसं माझंही आहे. पेणला सून असते, रोह्याला उतरले की लेक.

तर पेणचं घर. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं, भारतीय पद्धतीचं शौचालय आता चालणार नाही, उंबरा काढा, दरवाजा रुंद करा. एवढंच काम करायचं होतं. पण ज्यांनी घरात काम काढलंय त्यांना माहीत आहे की "एवढंच" असं काही नसतं. बाथरूम काढलं, मग लगतचा स्वयंपाकघराचा ओटा, मग मधली भिंत, मग दोन्हीकडची लादी आणि तिच्या खालचा कोबा. गच्चीवरची सिमेंटची जुनी टाकी गळत होती, "ताई, हीपण आत्ताच फोडून टाकू" असं म्हणत कंत्राटदाराने तीही फोडली.

मे महिन्याचा शेवट होता. पावसाच्या आधी उरकायचं होतं. दारात ढीग साचला, रिक्षा वळेना, शेजारच्या काकू दोनदा बोलून गेल्या. मी कंत्राटदाराला विचारलं, "याचं काय करायचं?" तो म्हणाला, "ते माझ्यावर सोडा. तीन ट्रॉल्या होतील. फेरीचे पंधराशे." मी साडेचार हजार रुपये मोबाइलवरून पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी दार मोकळं. काकूंनी हसून हात केला. मला फार बरं वाटलं. हे सगळं कुठे जाणार, हा प्रश्न मी विचारला नाही. विचारायचं सुचलं नाही असं नाही. उत्तर ऐकायचं नव्हतं.

आमच्या क्षेत्रातली एक गोष्ट सांगते. तुम्ही संगणकावर फाइल डिलीट करता तेव्हा बहुतेक वेळा फाइल जात नाही. ती कुठे आहे ही नोंद तेवढी पुसली जाते. मजकूर डिस्कवर तसाच पडून असतो. हे मी पहिल्या वर्षाला शिकले होते, परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते.

जुलैमध्ये एका रविवारी आम्ही वडखळच्या बाजूने स्कूटीवरून येत होतो. मी, आणि पुढे उभी असलेली माझी सहा वर्षांची मुलगी. रस्त्याच्या कडेला खारेपाटाकडे जाणारी एक वाट आहे, तिथे चार माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून फावड्याने काहीतरी उपसत होती. मुलगी एकदम ओरडली, "मम्मी, आपल्या बाथरूमचे मासे!"

आमच्या जुन्या बाथरूमला आकाशी रंगाची लादी होती, तिच्यावर पांढरे मासे. सासऱ्यांनी हौसेने आणलेली. मुलगी अंघोळ करताना ते मोजायची. आणि ते मासे आता चिखलात, कोब्याच्या तुकड्याला चिकटलेले, पाण्याच्या कडेला पडले होते. मी गाडी थांबवली नसती तरी चाललं असतं. खरं सांगते, एक क्षण मनात आलंही. पण सहा वर्षांचं मूल गाडीवर असलं की माणसाला थांबावं लागतं.

इथे तुम्हाला खारेपाट समजावून सांगते, कारण तुमच्यातले बरेच जण रोह्याचे, मुरुडचे, म्हसळ्याचे असलात तरी सगळ्यांनी उघाडी पाहिलेली नसेल. पेण आणि अलिबाग तालुक्यांचा खाडीलगतचा पट्टा म्हणजे खारेपाट. ही भातजमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीला आहे, काही ठिकाणी खालीच. समुद्राचं पाणी बाहेर ठेवायला मातीचे बांध घातलेले असतात. पण पावसाचं पाणी तर बाहेर जायला हवं. म्हणून बांधात जागोजाग उघाडी असते. उघाडी म्हणजे झडप. ती बाहेरच्या, खाडीच्या बाजूला उघडते. ओहोटी लागली, बाहेरचं पाणी उतरलं की आतलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. भरती आली की बाहेरच्या पाण्याचाच दाब झडप बंद करतो. वीज नाही, मोटार नाही, माणूस नाही. मी इतकी वर्षं कोड लिहितेय, इतकी साधी आणि इतकी भरवशाची रचना मी लिहिलेली नाही.

पण तिच्या दोन अटी आहेत. आतला नाला उघाडीपर्यंत मोकळा हवा, आणि झडपेच्या खाचेत काही अडकता कामा नये. नाला बुजला तर ओहोटीच्या सहा तासांत जेवढं पाणी जायला हवं तेवढं जात नाही, भात पाण्याखाली राहतं. आणि झडपेत एक वीट जरी अडकली तर भरतीचं खारं पाणी आत येतं. खारं पाणी शेतात शिरलं की नुकसान एका हंगामावर भागत नाही. मीठ धुवून निघायला पुढचे पावसाळे जावे लागतात.

आमची तिसरी ट्रॉली त्या नाल्याच्या काठावर रिकामी केलेली होती. कोरड्यात टाकली तेव्हा ती काठावर होती. पहिल्या मोठ्या पावसात काठ खचला आणि ती नाल्यात गेली.

मी त्या माणसांपाशी गेले. त्यातले एक वयस्क होते, मी त्यांना काका म्हटलं. म्हटलं, "काका, ही लादी आमच्या घरची आहे." ते फावडं थांबवून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "ताई, तुमची हाय ना, मग आता बोलत नका बसू. भरती यायच्या आत काढायचंय."

तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या एका तरुणाने दुसऱ्याला हळूच म्हटलं, "बोललो होतो ना, मोहल्ल्याकडचाच माल असणार." मी ऐकलं. असं वाक्य आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे ऐकलेलं आहे आणि ते ऐकून आत काय होतं ते मला तुम्हाला सांगायला नको. माझ्या तोंडावर उत्तर तयार होतं. पण त्या दिवशी अडचण अशी होती की त्याचं म्हणणं खरं होतं. माल मोहल्ल्यातलाच होता. माझा होता.

नंतर उपसताना त्याच ढिगात आणखी दोन घरांची लादी निघाली, प्लास्टर ऑफ पॅरिसच्या छताचे नक्षीदार तुकडे निघाले, आणि एक देवळी निघाली, ओट्याखालच्या भिंतीत असते तशी, शेंदराचा डाग असलेली. त्या तरुणानेच ती उचलून बाजूला ठेवली. तो काही बोलला नाही, मीही नाही.

मी घरी फोन केला. हे आले, आमचा गवंडी आला, दोन बिगारी मिळाले, आणि शेजारच्या त्याच काकूंचा मुलगा आला. घमेल्याने, पहारीने, हाताने, जमेल तसं काढलं. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत भरलं. संध्याकाळी भरती चढू लागली तेव्हा नाल्याचं तोंड मोकळं झालं होतं. दोन शेतांतलं भात मात्र आठवडाभर पाण्यात राहून पिवळं पडलं होतं. त्याची भरपाई किती द्यायची यावर काका आणि माझे पती यांच्यात बोलणं झालं, ते मी इथे सांगत नाही. काका एवढंच म्हणाले की त्यांच्या आजोबांच्या वेळी बांध फुटला, खांड गेली, की घरटी एक माणूस यायचा. त्याला जोळ म्हणत. "तुम्ही आलात, म्हंजे जोळच झाली," असं म्हणून ते हसले. मला हसता आलं नाही.

इथे तुमच्यापैकी कुणीतरी नक्की म्हणेल की रस्त्यातली इजा दूर करणं हा ईमानचा भाग आहे, हदीस आहे. आहे. मदरशात सगळ्यांनी पाठ केलीय, मीसुद्धा. म्हणून आज मी ती सांगणार नाही, ब्रासचा हिशेब सांगणार आहे. तो आपल्याला कुणी पाठ करून घेतलेला नाही.

समजा तुम्ही घरातली एक मधली भिंत काढताय. दहा फूट लांब, दहा फूट उंच, साडेचार इंची. म्हणजे साधारण साडेसदतीस घनफूट वीटकाम. दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा इंच गिलावा धरला तर आणखी आठ घनफूट. वजन काढलं तर ही एक भिंत अडीच टन भरते. अडीच टन! ज्याला आपण छोटा हत्ती म्हणतो त्या टेम्पोची क्षमता पाऊण टनाच्या आसपास असते, म्हणजे नियमात राहून चार फेऱ्या. शिवाय भिंत फोडली की ती फुगते, तुकड्यांच्या मधे हवा येते, आकारमान साधारण दीडपट होतं. सेहेचाळीस घनफुटांचे सत्तरच्या आसपास होतात. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. म्हणजे एका भिंतीचा पाऊण ब्रास. आमच्या तीन ट्रॉल्या म्हणजे तीन ब्रास धरा, वजनात अकरा टन. एका गुडघ्यासाठी.

हा हिशेब मी लोणेऱ्याच्या सिव्हिलच्या मैत्रिणीकडून तपासून घेतला. ती म्हणाली, "तू हे आधी विचारलं असतंस तर मी तुला पुढचंही सांगितलं असतं." पुढचं म्हणजे कायदा.

२९ मार्च २०१६ रोजी केंद्र सरकारने बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे स्वतंत्र नियम काढले. ते फक्त बिल्डरांसाठी नाहीत. एका दिवसात वीस टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला तीनशे टन काढणाऱ्यांना वर्गीकरणाचा आणि आराखड्याचा जास्तीचा भार आहे, पण मूळ जबाबदारी ज्याच्या घरातून मलबा निघाला त्याची आहे. कंत्राटदाराची नाही, ट्रॅक्टरवाल्याची नाही. माझी. तो आपल्या आवारात ठेवायचा, किंवा स्थानिक संस्थेने ठरवलेल्या संकलन केंद्रावर द्यायचा, किंवा अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे. रहदारीला, लोकांना, नाल्याला अडथळा होईल असा टाकायचा नाही. नाला हा शब्द नियमात आहे. मी वाचला तेव्हा पोटात गोळा आला.

त्याच नियमांत स्थानिक संस्थांनाही मुदती दिल्या होत्या. दहा लाखांवरच्या शहरांनी दीड वर्षात, मधल्या शहरांनी दोन वर्षांत आणि पाच लाखांच्या खालच्यांनी तीन वर्षांत केंद्र सुरू करायचं. पेण आणि रोहा-अष्टमी दोन्ही पाच लाखांच्या खूप खाली आहेत. आता २०२५ मध्ये नवे नियम आले, त्यांची लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६. त्यांत वीस हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या मोठ्या बांधकामांच्या मालकांवर किती मलबा परत वापरात आणायचा याची बंधनं आहेत. चांगलं आहे. पण आपल्या गावात वीस हजार चौरस मीटरची बांधकामं किती? आपल्याकडचा मलबा बाथरूमचा आहे, ओट्याचा आहे, एकेका ट्रॉलीचा आहे.

मोठ्या शहरांत काय होतं तेही सांगते. दिल्लीत बुराडीला २००९ मध्ये देशातलं पहिलं मोठं प्रक्रिया केंद्र सुरू झालं. मुंबई महापालिकेने अलीकडे दोन केंद्रं उभी केली, एक दहिसरला, एक शिळफाट्याजवळ, प्रत्येकाची क्षमता दिवसाला सहाशे टन. तिथे मलबा येतो, त्याचं वजन होतं, लोखंड-लाकूड-प्लास्टिक बाजूला काढतात, बाकीचं जबड्यासारख्या यंत्रात भरडतात, चाळतात, धुतात. खडी वेगळी, वाळू वेगळी. त्यातून पेव्हर ब्लॉक, कर्बस्टोन बनतात. आणि ही दुय्यम दर्जाची तडजोड आहे असं समजू नका. खडी-वाळूचं जे भारतीय मानक आहे, आयएस ३८३, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीने काँक्रीट भरडून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये पंचवीस टक्क्यांपर्यंत आणि ठरावीक दर्जाच्या सळईच्या काँक्रीटमध्ये वीस टक्क्यांपर्यंत वापरायला परवानगी दिली आहे. आपण एकीकडे डोंगर फोडून खडी आणतो आणि दुसरीकडे तीच खडी नाल्यात टाकतो.

माझं मत असं आहे की पेण किंवा रोह्याला असा कारखाना लागणारच नाही. एवढा माल इथे निघत नाही, यंत्र महिन्यातले वीस दिवस बंद राहील. इथे लागते ती एक कुंपण घातलेली जागा, एक वजनकाटा, आणि तीन-चार वेगळे ढीग. भरडणारं यंत्र चाकांवर असतं, ते आसपासच्या चार-पाच नगरपरिषदांनी मिळून वर्षातून काही आठवडे फिरवलं तरी पुरेल. हे माझं म्हणणं आहे, कुणी सिव्हिलवाला उभा राहून खोडून काढणार असेल तर आनंदच आहे.

आता रोह्याकडे येते.

पुढच्या वर्षी अष्टमीच्या घराचं काम निघालं. ते घर जुनं. दगडी जोतं, विटांच्या भिंती, सागाचे वासे, वर मंगलोरी कौलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं तेव्हा आमच्या मागच्या पडवीवरचे सिमेंटचे पत्रे अर्धे उडाले, पुढची कौलं पत्त्यांसारखी विस्कटली. तेव्हा कसंबसं झाकून घेतलं होतं. आता भावाने मागचा भाग पाडून नवा बांधायचं ठरवलं. मी म्हटलं, कंत्राटदाराशी मी बोलणार. भाऊ म्हणाला, "तुला पेणपासून मलब्याचं वेड लागलंय." लागलं होतंच.

पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे करारात मलबा वेगळ्या ओळीत लिहून घेतला. कुठे जाणार, कोण नेणार, फेरीचा फोटो. कंत्राटदार वैतागला. मी म्हटलं, दादा, लादीचा ब्रँड तुम्ही लिहून देता, मग जुन्या लादीचा पत्ता लिहायला काय जातं?

दुसरी गोष्ट, फोडायच्या आधी उतरवायचं. ब्रेकर लावला की सगळं एकत्र होतं आणि एकत्र झालेल्या मलब्याला कुणी वाली नसतो. आम्ही आधी चार दिवस फक्त उतरवलं. कौलं एकेक काढून रचली. कोलाडकडच्या एका माणसाने फार्महाऊससाठी नेली, मोजून पैसे दिले. वासे आणि खिडकीच्या चौकटी सुताराने घेतल्या. सळई, लोखंडी गज, नळ, तांब्याची वायर भंगारात गेली. जोत्याचे दगड नव्या जोत्याला. हे सगळं जुन्या लोकांना सांगायला नको. माझी नानी पाडलेल्या घराची एक चूकही वाया जाऊ द्यायची नाही. आपण मधल्या काळात विसरलो, कारण मजूर महाग झाला आणि ब्रेकर स्वस्त.

मग विटा. साबूत निघाल्या त्या परत भिंतीत. अर्ध्या-पाऊण तुकड्यांना गिऱ्हाईक असतं हे मला माहीत नव्हतं. गच्चीच्या जलरोधक कोब्याला विटांचे तुकडेच लागतात. आमच्या गवंड्यानेच त्याच्या दुसऱ्या कामावर नेले. काँक्रीटचे तुकडे आणि उरलेलं वीटकाम शेजारच्या घराच्या जोत्याच्या भरणीला गेलं. त्यांना तशीही मुरमाची भरणी विकत घ्यावी लागणार होती. एक कागद केला, त्यांनी सही केली की आमच्याच जागेत, आमच्याच मर्जीने.

जाता जाता एक सांगते. आमच्याकडे नदीकाठची पद्धत अशी की मलबा कुंडलिकेच्या काठी टाकायचा, "काठ मजबूत होतो." भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे ही नदी उन्हाळ्यातही वाहती असते, कोलाडला राफ्टिंग चालतं ते त्याच पाण्यावर. वाहत्या नदीच्या काठाला सुटा मलबा टाकला तर काठ मजबूत होत नाही. पात्र तेवढं अरुंद होतं, पाणी समोरच्या काठावर ढकललं जातं, आणि पहिल्या पुरात तुमचा मलबा खालच्या गावाला जातो. दगडी पिचिंग वेगळं, मलबा वेगळा. आणि खाडीलगत तिवरांच्या जागेत टाकणं तर वेगळाच गुन्हा. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की तिवरांचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला. तिवरं तोडायला कुऱ्हाड लागत नाही, चार ट्रॉल्या पुरतात.

तर आमच्या पाच ब्रासमधला साधारण एक ब्रास उरला. गिलावा, लादीचे तुकडे, फुटलेलं वॉशबेसिन. हे कुणालाच नको असतं. ते हातोड्याने बारीक करून आम्ही आमच्याच आवारात पायवाटेखाली दाबलं. नियमात आवारात ठेवायला मुभा आहे. पण सगळ्यांना आवार नसतं. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने काय करायचं? म्हणून मी पेण आणि रोहा, दोन्हीकडे लेखी अर्ज दिले आहेत, दोनच प्रश्नांचे. घरगुती मलब्यासाठी ठरवलेली जागा कोणती आणि तिथे नेण्याचा दर काय. शिक्का मारलेली प्रत माझ्याकडे आहे. तुम्ही श्रीवर्धन, महाड, मुरुड, जिथून आला असाल तिथे हेच दोन प्रश्न लिहून द्या. नमुना बाहेर टेबलावर ठेवलाय, मराठीत आहे, अर्ध्या पानाचा. उत्तर काय येतं ते मी याच मासिकात लिहीन.

एक प्रश्न मला नेहमी येतो, आणि तो मुलग्यांकडूनच येतो. एका घराने काय फरक पडतो, मोठे लोक डंपर भरून भातशेती बुजवतायत. खरं आहे. महामार्गालगत शेतं भरून गोदामं उभी राहतायत, ते माझ्या तीन ब्रासपेक्षा फार मोठं आहे. मी त्यांच्याबद्दल बोलू नये असं नाही. पण मी जेव्हा त्या तरुणासमोर उभी होते, तेव्हा मी डंपरवाल्यांबद्दल बोलले असते तर तो ऐकून घेणार होता का? आता आम्ही ओळखतो एकमेकांना. तो गेल्या पावसाळ्यात फोन करून म्हणाला, "ताई, कालच कोणीतरी पुन्हा टाकून गेलंय, या वेळी तुमचे मासे नाहीत." आम्ही दोघांनी मिळून त्या गाडीचा नंबर शोधला. ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

शेवटी पत्र्यांचं सांगते, कारण ते मला जमलेलं नाही.

मागच्या पडवीवर जे सिमेंटचे पत्रे होते, त्यांत ॲस्बेस्टॉस असतं. आपल्या देशात त्यांच्यावर बंदी नाही, कोकणात प्रत्येक गावात आहेत, गोठ्यांवर आहेत, शाळांवर आहेत. छपरावर अखंड असताना धोका कमी. पण फोडला, कापला, करवत लावली की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात. ते फुप्फुसात गेले की राहतात, आणि आजार वीस-तीस वर्षांनी दिसतो, कर्करोगसुद्धा. निसर्गनंतर आम्ही सगळ्यांनी ते तुकडे हातांनी गोळा केले होते, झाडूने झाडले होते. काहींनी कोंबड्यांच्या खुराड्यावर घातले, काहींनी दारातल्या चिखलात पसरले, पाय बुडू नये म्हणून. आमच्या दारातही होते. मी स्वतः त्यांवर चालले आहे.

या वेळी उरलेले पत्रे उतरवताना आम्ही आधी पाण्याने भिजवले. नटबोल्ट कापून अख्खे काढले, एकही फोडू दिला नाही. मजुरांना साधा कापडी रुमाल नाही, चांगले मास्क दिले आणि त्या दिवशीचे कपडे वेगळे धुतले. एका मजुराने मला विचारलं, "मॅडम, वीस वर्षं हेच काम करतोय, आता काय उपयोग?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, तरी घाला.

मग प्रश्न आला, न्यायचे कुठे? तळोज्याला घातक कचऱ्याचं सामाईक केंद्र आहे, पण ते मुख्यतः कारखान्यांच्या मालासाठी. धाटावच्या एमआयडीसीतल्या कंपनीचा माल तिथे जाऊ शकतो. अष्टमीच्या एका घराचे अठरा पत्रे कोण नेणार? भंगारवाला म्हणाला, द्या, मी नेतो. मी विचारलं, कुठे? तो हसला. या वेळी मी उत्तर ऐकायला थांबले होते. त्याने दिलं नाही, म्हणून मीही पत्रे दिले नाहीत.

ते अठरा पत्रे अजून आमच्या परसात आहेत. फणसाच्या झाडाखाली, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, वर भावाने लाल रंगात लिहिलंय, "फोडू नये." मागच्या आठवड्यात अम्मीचा फोन आला की उन्हाने प्लास्टिक एका कोपऱ्यात फाटलंय. मी नवं घेऊन आलेय, बाहेर गाडीत आहे. कार्यक्रम संपला की अष्टमीला जाऊन ते बदलणार आहे. दोन माणसं लागतील. ज्यांना यायचंय त्यांनी मास्क माझ्याकडून घ्या.